पाकिटावरचा बॅच नंबर कशासाठी?

(आपल्या रेडिओवरच्या 'आरोग्याच्या गप्पा' या कार्यक्रमातलं भाषण)

मागच्या भागात आपण गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनबद्दल बोललो. त्यानंतर बरेच फोन आले. बहुतेक प्रश्न डॉक्टर ताईंसाठी होते, त्यांची उत्तरं त्याच देतील. एक प्रश्न मात्र मी स्वतःकडे ठेवून घेतला, कारण तो माझ्या कामातला आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली आहेत.

फोन करणाऱ्या ताई एका बचत गटाच्या सचिव आहेत. त्या म्हणाल्या, "माझ्या जाऊबाईंच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्हाला मेडिकलमधून एक मोठं पुडकं आणायला सांगितलं. आत कापडं आणि प्लॅस्टिकचे खोळ होते म्हणे. एका कोपऱ्याला पाकीट उसवल्यासारखं दिसत होतं. आम्ही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का?"

हो ताई, बोलायला हवं होतं. जाऊबाई बऱ्या आहेत हे तुम्ही सांगितलंत, बरं वाटलं. पण त्या उसवलेल्या कोपऱ्याचा अर्थ काय, त्या पुडक्यावर छापलेल्या नंबराचा अर्थ काय, आणि कधी कधी असा माल कंपनी लाखांनी परत का मागवते, हे आज नीट समजून घेऊ.

आधी एक फरक. स्वच्छ वेगळं आणि निर्जंतुक वेगळं. लोणच्याच्या बरणीत आपण धुतलेला चमचा घालतो का? नाही घालत. धुतलेला असला तरी जरासा ओला असतो, आणि आठ दिवसांनी वर बुरशी धरते. चमचा स्वच्छच होता, पण बरणीला तेवढं पुरत नाही. शरीराचंही तसंच आहे. वरून कातडी असते तोवर जंतू बाहेर थोपतात. एकदा पोट उघडलं, हाड उघडलं, की आत शिरायला त्यांना वाट मिळते. म्हणून जखमेच्या आसपास जे जे येईल त्यावर एकही जिवंत जंतू नको. याला म्हणायचं निर्जंतुक.

कात्री, चिमटे, सुऱ्या, कापडी चादरी हे सगळं आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये घालतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. आत वाफ कोंडून १२१ अंशांच्या पुढे तापमान नेतात आणि ठरलेला वेळ तिथे धरून ठेवतात. पण काही वस्तू या कुकरात जाऊ शकत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला जो कॅमेरा आणि त्याची लांबलचक वायर असते, ती वाफेत घातली तर बहुतेक कॅमेरे बिघडतात. हाड बसवताना वापरायचं सी-आर्म नावाचं एक्स-रे मशीन तर माणसापेक्षा मोठं असतं. डोळ्याच्या ऑपरेशनची मोठी दुर्बीण, सोनोग्राफीचा हातात धरायचा दांडा, वरच्या दिव्याची मूठ, या सगळ्यांना डॉक्टरांचा हात लागतो आणि तोच हात पुढे जखमेत जातो.

मग काय करतात? त्या यंत्रावर निर्जंतुक प्लॅस्टिकचं कव्हर चढवतात. उशीला अभ्रा घालतो तसं. यंत्र आतून निर्जंतुक नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते पूर्ण झाकून टाकायचं. याच घराण्यातल्या आणखी दोन वस्तू म्हणजे पेशंटच्या अंगावर टाकायची चादर, तिला ड्रेप म्हणतात, आणि डॉक्टर-सिस्टरांनी घालायचा गाऊन. तिघांचं काम एकच, जंतू आणि जखम यांच्यामध्ये भिंत उभी करायची. त्या भिंतीला टाचणीएवढं भोक असलं तरी ते डोळ्यांना दिसत नाही आणि जंतूंना पुरतं.

आता ही कव्हरं निर्जंतुक होतात कशी? प्लॅस्टिक वाफेत घातलं तर आकसतं, वितळतं. म्हणून कारखान्यात दोन रीती वापरतात. एक, इथिलीन ऑक्साइड नावाचा वायू. कव्हर पाकिटात भरून, पाकीट चिकटवून, मग खोकीच्या खोकी बंद खोलीत ठेवतात आणि तो वायू आत सोडतात. पाकिटाची एक बाजू पारदर्शक प्लॅस्टिकची आणि दुसरी पांढरी, कागदासारखी असते, ती शोभेला नव्हे. त्या पांढऱ्या बाजूतून वायू आत जातो आणि काम झाल्यावर बाहेर येतो, पण जंतू जाऊ शकत नाही. दुसरी रीत गॅमा किरणांची. आपल्या मुंबईत ट्रॉम्बेला आयसोमेड नावाचा सरकारी प्रकल्प १९७४पासून याच कामासाठी आहे. तिथे बंद खोक्यांमधल्या औषधी वस्तू किरणांनी निर्जंतुक केल्या जातात, खोकं उघडावंही लागत नाही.

इथे एक अडचण आहे, आणि आजच्या गोष्टीचं मूळ तीच आहे. वस्तू निर्जंतुक झाली का, हे पाहून कळत नाही. प्रत्येक पाकीट उघडून तपासावं, तर उघडलं की ते वाया गेलं. मग कारखाना छातीठोकपणे कसं सांगतो? तो हिशेबाने सांगतो. जगभर मानलेला दंडक असा आहे की, दहा लाख वस्तूंमध्ये एखाद्याच वस्तूवर जंतू जिवंत राहण्याची शक्यता उरावी, त्याहून जास्त नाही. त्यासाठी वायू किती, वेळ किती, ओलावा किती, हे आधी प्रयोग करून ठरवतात.

पण हा हिशेब सुरू कुठून होतो? वायूत घालण्याआधी त्या वस्तूवर जंतू किती होते, तिथून. म्हणून शिवणारी-चिकटवणारी खोलीही ठरलेली, गाळलेल्या हवेची असावी लागते. कामगारांच्या डोक्याला टोपी, हातात मोजे, खोलीच्या हवेची आणि टेबलांची ठरावीक दिवसांनी तपासणी. तुम्हाला माहीत आहे, घरच्या पाच माणसांच्या डाळीला तीन शिट्ट्या लागतात. तोच कुकर गच्च भरला, वर डाळ जुनी आणि न भिजवलेली घातली, आणि शिट्ट्या तीनच दिल्या, तर? वरून वाफ तशीच निघेल, शिट्टी तशीच वाजेल. डाळ आत कच्ची राहिली का, हे झाकण उघडल्यावरच कळणार. ऑपरेशनच्या मालाचं झाकण कारखान्यात उघडता येत नाही आणि ऑपरेशनच्या टेबलावर उघडून उपयोग नाही. म्हणून शिट्ट्यांच्या हिशेबाइतकंच डाळ किती आणि कशी घातली त्याच्या नोंदीला महत्त्व.

हे लक्षात ठेवा आणि आता २०२० साली अमेरिकेत काय झालं ते ऐका.

तिथे कार्डिनल हेल्थ नावाची एक मोठी कंपनी आहे. दवाखान्यांना लागणारा माल पुरवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ती एक. ऑपरेशनचे गाऊन ती विकायची. हे गाऊन हृदयाच्या आणि गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनांनासुद्धा वापरले जायचे. पण सगळे गाऊन कंपनी स्वतः बनवत नव्हती. चीनमधली सियांग होलीमेड नावाची कंपनी ते बनवून द्यायची. कार्डिनलने त्या कारखान्याची जागा पाहून, तपासून, मंजूर केलेली होती.

डिसेंबर २०१९मध्ये कार्डिनलला कळलं की, त्या चिनी कंपनीने काही काम परस्पर दुसऱ्याच जागी नेलं आहे. त्या जागा कार्डिनलने पाहिलेल्या नव्हत्या, अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे त्यांची नोंद नव्हती, आणि तिथली हवा-स्वच्छता ठरल्याप्रमाणे राखलेली नव्हती. वर आणखी घोटाळा असा की, तिथले गाऊन आणि मंजूर जागेतले गाऊन एकत्र मिसळले होते. कोणता कुठला, हे वेगळं काढता येत नव्हतं.

जानेवारी २०२०मध्ये कंपनीने दवाखान्यांना कळवलं की हे गाऊन वापरू नका. सप्टेंबर २०१८पासून बनलेले गाऊन परत मागवले. आकडा ऐका, ९१ लाख गाऊन. त्यांतले ७७ लाख तोवर २,८०७ दवाखान्यांत पोचलेले होते.

हे इथेच थांबलं नाही. तिकडे ऑपरेशनचं सगळं सामान एका पुड्यात भरून देण्याची पद्धत आहे. गाऊन, ड्रेप, कव्हर, बोळे, सगळं एकत्र, ज्या-त्या ऑपरेशनप्रमाणे. आपल्याकडेही आता अशी 'किट' मिळतात, आपल्या ताईंनी आणलेलं पुडकं तसंच होतं. ज्या पुड्यांत हे गाऊन होते, ते पुडेही परत मागवावे लागले, २९ लाख पुडे. आतले बाकीचे जिन्नस चांगले असतील, पण शंकेचा गाऊन त्यांच्या शेजारी बसलेला. परिणाम काय झाला? कितीतरी दवाखान्यांनी ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली. तारीख घेऊन उपाशीपोटी आलेल्या माणसांना घरी जावं लागलं. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. आणि लगेच मार्चमध्ये कोरोना आला, जेव्हा जगात गाऊनसाठी मारामारी चालली होती.

आता माझा मुद्दा. हे गाऊन परत मागवले, ते त्यांच्यावर जंतू सापडले म्हणून नव्हे. त्या गाऊनांवरही वायूची प्रक्रिया झाली होती. दिसायला ते इतर गाऊनांसारखेच होते. तरी अमेरिकेच्या प्रशासनाचं म्हणणं असं की, ते निर्जंतुक आहेत याची खात्री आता कोणी देऊ शकत नाही. म्हणजे शिट्ट्या झाल्या, पण डाळ किती घातली होती ते कोणालाच माहीत नाही. खात्री गेली म्हणून ९१ लाख वस्तू बाद. पैशाच्या दृष्टीने हे वेडेपण वाटेल. मला ते बरोबर वाटतं. कारण टेबलावर झोपलेल्या बाईला भूल दिलेली असते. ती काहीच तपासू शकत नाही. तिच्या वतीने कोणीतरी आधी खात्री केलेली असली पाहिजे, आणि ती खात्री कागदावर दाखवता आली पाहिजे.

आपल्यातल्या बऱ्याच जणी शिवणकाम करतात. कोरोनात तर गावोगावच्या गटांनी मास्क शिवून दिले. म्हणून हे मुद्दाम सांगते. त्या चिनी कारखान्याच्या गोष्टीत शिवणाऱ्या बायकांचा दोष कुठेच नाही. त्यांची शिलाई चांगलीच असेल. दोष आहे तो काम परस्पर दुसरीकडे नेण्यात आणि ते लपवण्यात. आपल्या गटाला पापडाची मोठी ऑर्डर येते, वेळ कमी असतो, आणि कोणीतरी म्हणते, "शेजारच्या गावातल्या ओळखीच्या बायकांना अर्धं देऊ, पाकीट आपलंच लावू." पापडाला सहसा काही होत नाही. पण आपल्या पाकिटावर आपला परवाना नंबर असतो, आपण दाखवलेलं स्वयंपाकघर त्यामागे असतं. दुसऱ्या स्वयंपाकघरातला माल त्या नंबराखाली गेला की नंबर खोटा झाला. पुढे तक्रार आली, तर कोणता पापड कोणाचा हे आपल्यालाच सांगता येणार नाही. कार्डिनलचं नेमकं हेच झालं, फक्त माल पापड नव्हता.

यंत्रांच्या कव्हरांचे असे रिकॉल वेळोवेळी होत असतात. रिकॉल म्हणजे माल परत बोलावणं. कारणं साधी दिसतात. पाकिटाची कड नीट चिकटली नव्हती. घडी घालताना प्लॅस्टिकला बारीक भोक पडलं. मुदतीची तारीख चुकीची छापली गेली. एखाद्या खेपेच्या वायूच्या नोंदी अपुऱ्या निघाल्या. ऐकताना वाटतं, एवढ्यासाठी? पण आताच पाहिलं, खात्रीची साखळी एका कडीला तुटली तरी पुरतं. अमेरिकेत रिकॉलचे तीन वर्ग करतात. पहिला सर्वांत गंभीर, जिथे मोठी इजा किंवा मृत्यूची शक्यता मानली जाते. तिसरा सर्वांत सौम्य. तेव्हा बातमीत 'रिकॉल' शब्द ऐकला की घाबरून जायचं नाही. दर वेळी माणसं दगावलेली असतात असं नाही. बहुतेकदा कोणाला इजा व्हायच्या आधी तो माल उचलायचा, हाच हेतू असतो. उलट जी कंपनी कधीच काही परत मागवत नाही तिच्याबद्दल मी जास्त विचार करीन.

आणि रिकॉल चालतो कशावर? बॅच नंबरावर. एका वेळी, एका ठिकाणी, एकाच वायूच्या खोलीतून निघालेला माल म्हणजे एक बॅच किंवा लॉट. नंबर असला की तेवढाच माल शोधून उचलता येतो. नंबर नसला की दोनच वाटा, सगळंच फेका, नाहीतर सगळंच वापरा. पैशाची चणचण असलेल्या दवाखान्यात दुसरी वाट धरली जाते, हे मी सांगायला नको.

नोंद नसली की काय होतं, त्याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण कव्हराचं नाही, खुब्याच्या सांध्याचं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा धातूचा सांधा होता. तो लवकर खराब व्हायचा, झिजून धातूचे कण रक्तात जायचे. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत बसवला गेला होता. पण पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने पाहिलं, तेव्हा त्यातल्या हजाराच्या आसपासच पेशंटचा पत्ता लागलेला होता. बाकीच्यांना आपल्या अंगात परत मागवलेली वस्तू आहे, हे कोणी कळवणार कसं? कव्हर ऑपरेशननंतर फेकून देतात, सांधा शरीरातच राहतो, एवढा फरक. पण गोम एकच आहे. वस्तू आणि माणूस यांना जोडणारा कागद हरवला, तर रिकॉल कागदावरच राहतो.

आपला कायदा आता पूर्वीपेक्षा बरा आहे. वैद्यकीय साधनांचे नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८पासून लागू झाले. त्यांत स्पष्ट आहे की माल धोक्याचा वाटला तर बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने तो परत मागवायचा आणि सरकारला कळवायचं. आधी ठरावीकच साधनं कायद्यात होती, १ एप्रिल २०२०पासून सगळी आणली आणि मग टप्प्याटप्प्याने परवाने सक्तीचे केले. पेशंटला झालेला त्रास नोंदवण्यासाठी २०१५पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. नाव अवघड आहे, काम सोपं. एखाद्या वैद्यकीय वस्तूमुळे त्रास झाला तर ते तिथे कळवायचं.

बरं, आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. सामान आपल्याला आणायला सांगितलं असेल, तर मेडिकलच्या काउंटरवरच ते पाकीट उजेडात धरून बघा. कड सगळीकडून चिकटलेली आहे का? कुठे भोक, चीर, उंदराने कुरतडल्याची खूण? पांढऱ्या बाजूला पाण्याचा डाग? आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, फडताळात ठेवलेल्या खोक्यांना ती लागते. पाकीट एकदा भिजलं आणि मग वाळलं, तरी ते बाद. ओलाव्याबरोबर जंतू कागदातून आत ओढले जातात, वाळल्यावर ते बाहेर येत नाहीत.

पाकिटावर बारीक चित्रं असतात. इंग्रजी वाचता येत नसलं तरी ती वाचता येतात, कारण जगभर एकच चित्रं ठरलेली आहेत. वाळूचं घड्याळ, म्हणजे डमरूसारखं चित्र, त्याच्या शेजारी मुदतीची तारीख. गोलात २ हा आकडा आणि त्यावर तिरपी काट, म्हणजे एकदाच वापरायचं, धुऊन पुन्हा नाही. छत्री म्हणजे कोरडं ठेवा. फाटक्या खोक्याचं चित्र आणि त्यावर काट, म्हणजे पाकीट फाटलं असेल तर वापरू नका. आपल्या सचिव ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या पुडक्यावरच छापलेलं होतं बघा. चौकोनात इंग्रजी 'लॉट' शब्द असतो, त्यापुढचा आकडा तो आपला बॅच नंबर. घरातल्या शाळेत जाणाऱ्या लेकीला पाच मिनिटं बसवा, ती भराभर वाचून दाखवील.

बिल मागाच. हातावर नुसती किंमत लिहून दिली तर चालवून घेऊ नका. औषधाच्या दुकानाच्या छापील बिलावर बॅच नंबर आणि मुदत असते, ती पाकिटावरच्या आकड्याशी जुळते का ते बघा. मग ते बिल डिस्चार्ज कार्डाला टाचून ठेवा. शरीरात काही बसवलं असेल, म्हणजे सांधा, पट्टी, जाळी, डोळ्यातलं भिंग, तर त्याच्या पाकिटावर चिकटपट्टीचं लेबल असतं. ते लेबल कार्डावर चिकटवून द्या असं सिस्टरांना सांगा. बहुतेक ठिकाणी देतात, तो आपला हक्कच आहे. आणि ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, देवघरातल्या कोनाड्यात नको, तिथे उदबत्तीने जळालेले कागद मी पाहिले आहेत.

पाकीट खराब दिसलं तर काय? दुकानदाराला परत करा. दवाखान्यात पोचल्यावर दिसलं तर ओ.टी.च्या सिस्टरांना दाखवा. "सिस्टर, ही कड सुटल्यासारखी वाटते, एकदा बघता का?" एवढंच म्हणायचं. भांडायला नको. चांगली सिस्टर तुमच्यावर रागावणार नाही, कारण पाकीट उघडण्याआधी हेच बघणं हे तिचंही काम आहे, आणि दिवसाला दहा केसेस असल्या की दुसऱ्या डोळ्यांची मदतच होते. मात्र एक करू नका. घरी नेऊन उत्सुकतेपोटी पाकीट उघडून आतली वस्तू बघू नका. आणि सेलोटेप लावून तर मुळीच चिकटवू नका, प्रेमाने करणारी माणसं असतात म्हणून सांगते.

मी या सगळ्याने ऑपरेशनची भीती घालत नाही. आपल्या गावाकडची कितीतरी ऑपरेशनं कापडी चादरी आणि ऑटोक्लेव्ह यांवर नीट पार पडतात. कापडी ड्रेप नीट वाफवला, कोरडा काढला, वेळेत वापरला तर तो कमी दर्जाचा नसतो. डब्यावर लावलेल्या पट्टीवर तापल्यावर काळ्या रेघा उमटतात, तुम्ही पाहिल्या असतील. त्या रेघा एवढंच सांगतात की डबा तापला. पूर्ण निर्जंतुक झाला का, यासाठी आतली वेगळी पट्टी आणि मधूनमधून जंतूंची कुपी ठेवून केलेली चाचणी लागते. महागडं किट आणलं म्हणजे सुटलो असं नाही, आणि कापड दिसलं म्हणजे गरिबांची सोय असंही नाही. त्यामागे नोंदवही आहे का, हे महत्त्वाचं.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर महिनाभर जखमेकडे लक्ष ठेवा. सांधा वगैरे बसवला असेल तर तीन महिने. जखम लाल होऊन गरम लागणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, पू किंवा वास येणारं पाणी येणं, टाके सुटणं, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं तर हळद भरून वाट बघू नका. आशाताईंना सांगा आणि ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे जा. आपण दुसरीकडे उपचार घेतो, तेव्हा पहिल्या दवाखान्याला कळतच नाही की त्यांच्या पेशंटची जखम चिघळली. एका आठवड्यात तिघींच्या जखमा चिघळल्या, तर ती खूण असते, एखाद्या बॅचची किंवा बिघडलेल्या ऑटोक्लेव्हची. पण तिघी तीन दिशांना गेल्या तर ती खूण कोणालाच दिसत नाही.

इथे गटाचा खरा उपयोग आहे. बचत गटाच्या बैठकीत आपण हप्त्यांचा हिशेब करतो, तेव्हाच कोणाकोणाची ऑपरेशनं झाली, जखमा कशा आहेत, हे विचारता येतं. दोन-तीन जणींचा एकाच दवाखान्यातून एकसारखा त्रास कळला तर आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना लेखी द्या. बिलं आणि कार्डं जवळ असली तर बॅच नंबर जुळवता येतील. नाव कोणाचंही खराब करायचं नाही, आधी कळवायचं.

वैद्यकीय वस्तूमुळे किंवा औषधामुळे त्रास झाला असेल तर कळवण्यासाठी फुकट फोन नंबर आहे, तो लिहून घ्या: १८००-१८०-३०२४. पुन्हा सांगते, १८००-१८०-३०२४. फोन करताना वस्तूचं नाव, कंपनी, बॅच नंबर, ऑपरेशनची तारीख आणि काय त्रास झाला, एवढं हाताशी ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय असतं, खराब पाकिटाची तक्रार तिथेही घेतात. तक्रार करायची असेल तर ते पाकीट आणि बिल टाकून देऊ नका.

सचिव ताई, तुमच्या जाऊबाईंचं बिल अजून घरात असेल तर ते कार्डाला टाचून ठेवा. पुढच्या भागात डॉक्टर ताई येणार आहेत, गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला. तुमचे प्रश्न मंगळवारपर्यंत पाठवा. नमस्कार.